चालू मागाची डीव्हीडी

नागपूरच्या पाचपावलीत धम्मानंद लोणारेचं दुकान विचारलं तर कोणीही बोट दाखवेल, पण सोबत एक सल्लाही देईल. "जा, पण त्याले 'हे तुले होते काय' असं विचारू नका. 'केव्हा होईल' असं विचारा."

'तुले होते काय' ऐकलं की धम्मानंदचं डोकं फिरतं. हा प्रश्न त्याला आयुष्यभर त्याच्यापेक्षा कमी येणाऱ्यांनी विचारला आहे.

माणूस दहावी नापास. आधी मंडपवाल्याकडे वायर ओढायचा, मग लग्नाची शूटिंग करू लागला. शूटिंग करायची आणि कॅसेट महाल भागातल्या एका मिक्सिंगवाल्याकडे नेऊन द्यायची. तो गाणी टाकून, फुलं उडवून डीव्हीडी करून देई. २००९ साली इंदोऱ्यातल्या एका बौद्ध लग्नाची डीव्हीडी आली. सगळं घर टीव्हीपुढं बसलं आणि पडद्यावर पहिल्यांदा उडत उडत गणपती आला, मागोमाग मंगलाष्टकं. नवरीच्या बापानं डीव्हीडी काढली आणि धम्मानंदच्या छातीवर फेकून मारली. गणपतीशी धम्मानंदचं भांडण नव्हतं. न विचारता दुसऱ्याच्या लग्नात आपला देव बसवणाऱ्याशी होतं. तो तडक महालात गेला.

"काढ ते."

"निघत नाही, गा. पॅकेजमधीच हाय. सगळ्याईच्या लग्नात तेच राहते."

"मले दे. मी काढतो."

मिक्सिंगवाल्यानं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "तुले होते काय?"

त्या दिवसापासून धम्मानंद त्या दुकानाची पायरी चढला नाही.

मिक्सिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि चोरीचं घ्यायला मन धजत नव्हतं. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, तिथं त्याला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. आत एक सीडी होती, फुकटच्या सिस्टिमची. एका शाळेनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर आणून त्यानं ती सीडी त्यात घातली. ना चित्रं, ना बटणं. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. आपण ओळ टाइप करायची, कॉम्प्युटरनं ती पाळायची. एक टिंब चुकलं तर तो पाळत नाही, चूक कोणती ते मात्र लिहून सांगतो. धम्मानंद डिक्शनरी मांडीवर घेऊन ती चूक वाचायचा. जे काही इंग्रजी त्याला येतं, ते ह्या चुकांतूनच आलेलं.

"दिवसभर त्या काळ्या पडद्याशी काय भांडून राहिले तुम्ही?" त्याची बायको जया विचारायची.

"भांडत नाही वं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मले माही चूक कोणती ते सांगून राहिलं. बाकीचे तर नुसते 'चुकला' म्हणतात."

दुसरी गोष्ट त्यानं तिला सांगितली नाही, पण मनात धरून ठेवली. ह्या पडद्यानं त्याचं आडनाव एकदाही विचारलं नव्हतं.

चार महिन्यांत त्यानं पहिली डीव्हीडी स्वतः बांधली. 'बांधली' हा त्याचाच शब्द. आधी फिल्म डीव्हीडीच्या मापात कापायची. मग एका ओळीनं तिचे कप्पे पाडायचे. मग आणखी एका ओळीनं सगळ्याची मिळून एकच मोठी फाइल करायची. शिकलेले लोक तिला इमेज म्हणतात, तो साचा म्हणतो. साचा कॉम्प्युटरवरच चालवून बघायचा आणि पटला तरच कोऱ्या डिस्कवर उतरवायचा, तोही हळू वेगानं. पहिल्या वेळी पडदा हिरवा झाला, कारण आपल्याकडच्या टीव्हीचं माप लिहायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या वेळी फिल्म डिस्कमध्ये मावलीच नाही. डब्यावर लिहिलेलं आणि आत मावणारं ह्यात फरक असतो, हे रेशनच्या पोत्यानं शिकवलेलं असूनही तो फसला होता. तिसऱ्या वेळी पडद्यावर बुद्धवंदना उमटली आणि इंदोऱ्यातल्या त्या नवरीच्या बापानं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता डीव्हीडी कोणाला हवी? कळमेश्वरकडच्या शेतात लोक जुन्या डिस्का दोरीला बांधून पाखरं हाकलतात. धम्मानंद झेरॉक्स काढतो, फॉर्म भरतो, लॅमिनेशन करतो. पण मशीन त्यानं विकलं नाही. का, तर सगळ्या दुनियेनं डीव्हीडी सोडली तरी सरकारी ऑफिसनं सोडलेली नाही.

ह्याच कारणानं मे महिन्यात एका सकाळी भागीरथाबाई सोनकुसरे त्याच्या दुकानात आल्या. वय अडुसष्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोटांना सुताचे घट्टे. तांडापेठेतल्या विणकर सोसायटीच्या त्या अध्यक्ष. त्यांनी एक कागद काउंटरवर आपटला.

"रामराम, धम्मानंद. हे वाच अन् मले सांग का आता काय करू."

"जय भीम, मावशी. बसा." त्यानं वाचलं आणि वाचता वाचताच त्याचे कान लाल झाले.

सोसायटीची तांडापेठेत एक शेड आहे, आत चौदा हातमाग. जागा सरकारची. साठ वर्षांपूर्वी एका अटीवर मिळालेली: जोवर माग चालू, तोवर जागा सोसायटीची. दोन महिन्यांपूर्वी एक इन्स्पेक्टर आला, चौदा बंद मागांचे फोटो काढले आणि रिपोर्ट दिला, 'माग बंद, जागा विनावापर'. आता तिथं गाड्यांचं पार्किंग बांधायचं ठरत होतं. शुक्रवारी सुनावणी. सोसायटीला काही पुरावा द्यायचा असेल तर बुधवारी पाच वाजेपर्यंत.

"मावशी, तो आला त्या दिवशी माग काहून बंद होते?"

"अमावस्या होती, बापू. अमावस्येले आमी मागाले हात लावत नाही. माह्या आज्यापासून नेम हाय. तो इन्स्पेक्टर नागपूरचाच हाय, त्याले काय मालूम नाही? पंचांग पाहूनच आला तो."

त्यानंतर सोसायटीनं अकरा दिवस मोबाइलवर शूटिंग केलं होतं. रोज सकाळी त्या दिवसाचा पेपर मागापुढं धरायचा, तारीख दाखवायची आणि मग चौदाच्या चौदा माग चालताना दाखवायचे. ते सगळं त्यांनी पेनड्राइव्हवर नेलं, तर ऑफिसनं घेतलं नाही. कागदावर लिहून दिलं, 'दृक् पुरावा फक्त प्लेअरवर चालणाऱ्या डीव्हीडी स्वरूपात, तीन प्रतींत'.

"पाहा," धम्मानंद म्हणाला, "गावात एका घरी प्लेअर उरला नाही, म्हणून प्लेअरवर चालणारी मागते. हे पुरावा मागणं नोहे मावशी, हे दार लावणं हाय."

"तुले—" भागीरथाबाईंनी जीभ चावली. कोणीतरी त्यांनाही सल्ला दिला असावा. "केव्हा होईल?"

"उद्या संध्याकाळी."

दोन दिवस तो त्या कामावर बसला. पोरांनी मोबाइल उभा धरून शूटिंग केलेलं, त्यामुळं चित्र टीव्हीच्या मध्यभागी चिंचोळं दिसत होतं आणि दोन्हीकडं काळे पट्टे. भागीरथाबाई पाहायला आल्या आणि चिडल्या. "अर्धा माग कुठी गेला? कापला काय तू?" त्यानं मूळ फिल्म शेजारी लावून दाखवली, तेव्हा कुठं शांत झाल्या. अकरा दिवसांचे अकरा कप्पे त्यानं केले. सुरुवातीला मेनू मुद्दाम ठेवला नाही. मेनू ठेवला तर बाबू म्हणेल, रिमोट हरवला. डिस्क आत गेली की आपोआप चालली पाहिजे. आवाजाचं एक रिकामं फोल्डर मात्र त्यानं न विसरता टाकलं. त्यात काही नसतं, पण जुने प्लेअर ते दिसलं नाही की आत शिरायला तयारच होत नाहीत, हे त्याला बऱ्याच शिव्या खाऊन कळलेलं. साचा तयार झाला, पन्नास मिनिटांचा. त्यानं तो शेवटपर्यंत पाहिला, तीन डिस्का उतरवल्या, प्रत्येक डिस्क साच्याशी ताडून पाहिली आणि कागदी पाकिटांत घालून भागीरथाबाईंच्या हातात दिल्या.

"उद्या साडेतीनले सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात भेटू. मीही येतो."

ऑफिसात टेबलामागं आनंदराव नावाचे बाबू होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, मागं खिडकीत घरघरणारा कूलर. शेजारी एका लोखंडी कपाटावर जुना टीव्ही आणि त्याखाली प्लेअर.

"चालवून पाहिल्याबिगर पोच भेटत नसते," आनंदराव म्हणाले.

"चालवा ना, साहेब. त्याच्यासाठीच तर आणली," धम्मानंद छाती काढून म्हणाला.

आनंदरावांनी पहिली डिस्क घातली. प्लेअर घुर्रर्र करून थांबला. पडद्यावर अक्षरं आली, डिस्क वाचता येत नाही. दुसरी घातली. तेच. तिसरी घातली. तेच. आनंदरावांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं आणि त्यांनी तिसरी डिस्क बाहेर ओढली. त्यांची बोटं लाल झाली.

"हे काय हाय?"

धम्मानंदनं डिस्क उलटी केली. चकचकीत बाजूवर, मधल्या भोकाला लागून, हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट आणि त्याला चिकटलेला एक तांदळाचा दाणा. तिन्ही डिस्कांवर तेच. पाकिटात घासून कुंकू चहूकडं पसरलेलं.

"मावशी!"

"काय मावशी? नव्या सुताचा ताणा मागावर चढवला का आमी आधी हळदकुंकू लावतो. त्याच्याबिगर धोटा फेकत नाही. इतकं मोठं काम, तसंच पाठवू काय?"

"अवं, पण ह्या बाजूनं? लिहिलेलं सगळं ह्याच बाजूले राहते!"

"मले काय मालूम? जे चमकते तेच तोंड समजली मी."

"दोन दिवस डोळे फोडले मी! अन् तुमी कुंकू लावून वाट लावली! ह्या अंधश्रद्धेपायीच तर—"

"तोंड सांभाळ, धम्मानंद," भागीरथाबाई उठून उभ्या राहिल्या. "तू बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावतं का नाही? तिनं तुह्या दुकानाले आग लागली तर मी तुले अंधश्रद्धा म्हणू काय? सांग ना, इतल्या इतल्या कामात शहाणा, अन् 'ह्या बाजूले हात लावू नका' हे सांगाले तुह्या तोंडाले काय झालतं?"

धम्मानंदनं हातातली डिस्क टेबलावर ठेवली. खरं होतं. इतरांनी आपल्याला सांगितलं नाही म्हणून ज्याचा जन्मभर जीव जळला, त्यानं स्वतः सांगितलं नव्हतं.

"तुमचं भांडण बाहेर करा," आनंदराव घड्याळाकडं बघत म्हणाले. "चार वाजले. तुमच्या कुंकवानं सरकारी मशीन खराब झाली. आता ती चालू होईपर्यंत काही घेता येत नाही."

"ठीक हाय." धम्मानंद एकदम शांत झाला. पाचपावलीतले लोक त्याच्या आरड्याओरड्याला घाबरत नाहीत, ह्या शांततेला घाबरतात. त्यानं कोरा कागद आणि पेन आनंदरावांपुढं सरकवला. "लिहून द्या. 'सोसायटी मुदतीच्या एक तास आधी पुरावा घेऊन हजर होती. ऑफिसची मशीन बंद असल्यानं घेतला नाही.' खाली सही, शिक्का, तारीख, वेळ."

"मी काहून लिहून देऊ?"

"नाही देत? मग 'लिहून देत नाही' हे लिहून द्या."

आनंदरावांनी पेनाकडं पाहिलं. सरकारी माणूस शिवी सहन करतो, धमकी सहन करतो, स्वतःची सही सहन करत नाही.

"मग काय करू म्हणता तुमी?"

"पंधरा मिनिटं मशीन माह्या हाती द्या. तुमच्या डोळ्यापुढं."

त्यानं बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला, प्लेअरचे चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत वाटाण्याएवढी काच, तिच्यावर कुंकवाची धूळ आणि त्याखाली कित्येक वर्षांची. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी ठेवलेल्या कापसानं त्यानं ती हलक्या हातानं पुसली. "तुमची मशीन मावशीच्या कुंकवानं साफ झाली, साहेब. नाहीतर हे कोणी उघडलं असतं?" भागीरथाबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

मग त्यानं लॅपटॉप काढला. साचा त्यात होताच. म्हणूनच तो साचा बनवतो. डिस्क मरते, साचा मरत नाही. कोऱ्या डिस्का बॅगेत होत्या. फक्त लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती आणि खोलीत प्लगची जागा एकच, तिथं कूलर.

"कूलर बंद होणार नाही," आनंदराव म्हणाले. "बाहेर पंचेचाळीस डिग्री हाय."

भागीरथाबाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या आणि प्लग उपटला. कूलर कण्हत थांबला.

"ओ बाई!"

"साहेब, आमी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून आठ घंटे विणतो, अन् वर टिनाचं छत. एक घंटा तुमाले घाम आला तर मरत नाही तुमी."

धम्मानंदनं ओळ टाइप केली. पांढरी अक्षरं धावू लागली. एक टक्का. दोन टक्के.

"इतकं हळू?" भागीरथाबाई कानाशी कुजबुजल्या. "घड्याळ पाय ना. जोरात नाही करता येत?"

"येते. चारपट जोरात येते. पण ही मशीन म्हातारी हाय, जोरात लिहिलेलं तिले वाचता येत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून."

"मग हळूच कर, बापू." त्या खाली टेकल्या. घाईत विणलेलं कापड कसं फाटतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

साडेचारला पहिली निघाली. दुसरी चार चाळीसला. आनंदराव रुमालानं मान पुसत येरझारा घालत होते. तिसरी चार एकावन्नला बाहेर आली. ह्या वेळी धम्मानंदनं तिन्ही कडेला धरून दाखवल्या. "मावशी, हे तोंड नोहे, हे पोट हाय. ह्याले कोणाचाच हात लागत नसते. माहाही नाही."

पहिली डिस्क आत गेली. प्लेअर घुर्रर्र झाला, थांबला, आणि मग खोली एकदम हादरली. चौदा मागांचे चौदा खटके, टीव्हीचा आवाज कोणीतरी कधीकाळी पूर्ण वाढवून ठेवलेला. पडद्यावर पेपर, तारीख आणि मागून सूत घेऊन धावणारे धोटे. शेजारच्या खोल्यांतून माणसं दारात आली. आतलं दार उघडून सुनावणी घेणाऱ्या मॅडम स्वतः बाहेर आल्या.

"आनंदराव, हा कसला आवाज?"

आनंदरावांच्या आधी भागीरथाबाई बोलल्या. "माग आहेत, मॅडम. तुमच्या कागदावर बंद आहेत ते."

चार छप्पन्नला पोच मिळाली.

शुक्रवारी समोरच्या, म्हणजे रिपोर्ट देणाऱ्या खात्याच्या बाजूनं काळा कोट घातलेले एक वकील आले. मागांबद्दल ते बोललेच नाहीत, डिस्कवर बोलले. ही फिल्म जोडलेली आहे, काटछाट केलेली आहे. आणि ती बनवणाऱ्या माणसाची पात्रता काय?

"दहावी नापास," धम्मानंद उभं राहून म्हणाला. विचारलं नसतं तरी त्यानं सांगितलं असतं.

वकील हसले. "बघा, मॅडम."

"मॅडम, तुकडे मी जोडले. कोणते, कोणत्या क्रमानं, ते ह्या कागदावर लिहून सही केली. ज्या मोबाइलनं काढले ते चारही मोबाइल ह्या पिशवीत हायेत. वकीलसाहेबांनी कोणताही एक दिवस निवडावा अन् मोबाइलमधला अन् डिस्कवरचा शेजारी शेजारी पाहावा. दुसरी गोष्ट. सीलबंद डिस्क तुमच्या कपाटात होती, माह्याजवळ नाही. ती माह्या मशीनमधी घाला. मशीन ती सगळी वाचून एक लांब आकडा काढते. साच्याचा आकडा ह्याच कागदावर आधीच लिहून ठेवला हाय. फिल्ममधला एक ठिपका जरी कोणी बदलला, तरी आकडा जुळणार नाही. आकडा मी नाही वाचत. वकीलसाहेबच वाचतील. ते शिकलेले हायेत."

वकिलांनी सातवा दिवस निवडला. मोबाइलमधला आणि डिस्कवरचा सारखाच निघाला, धोट्याच्या फेकीपर्यंत. मग आकडा आला. बत्तीस अक्षरांचा. वकील एकेक अक्षर वाचत गेले, मॅडम कागदावरच्या आकड्याशी बोट लावून ताडत गेल्या. दहाव्या अक्षरानंतर वकिलांचा आवाज उतरला. बत्तिसाव्यापर्यंत सगळं जुळलं.

"आणि तुमच्या इन्स्पेक्टरनी किती दिवस पाहणी केली?" मॅडमनी विचारलं.

"एक दिवस, मॅडम."

"कोणता दिवस?"

वकिलांनी कागद चाळले. भागीरथाबाईंनी तिथी सांगितली. मॅडमनी मोबाइलमध्ये पंचांग उघडून पाहिलं, चष्मा काढला आणि स्टेनोला बोलावलं. रिपोर्ट रद्द. माग चालू असल्याचं सिद्ध. जागा सोसायटीकडेच राहील.

आनंदरावांनी आदेशाची प्रत हातात दिली. धम्मानंदनं ती उभ्या उभ्या दोनदा वाचली, शिक्का खरा आहे की नाही ते उजेडात धरून पाहिलं आणि मग भागीरथाबाईंकडं दिली. त्यांनी आभार मानले नाहीत आणि त्याला ते आवडलं. आभार मानावे असं काही झालंच नव्हतं. जे आपलं होतं ते आपल्याकडं राहिलं होतं.

व्हरांड्यात येताच त्यांचा फोन वाजला. शेडमधून होता. तिकडं पंधरावीस जण एकदम विचारत होते, काय झालं, काय झालं. भागीरथाबाईंनी त्या गलक्यामागं कान दिला. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पहिले हे सांगा, मागाचा आवाज काहून येऊन नाही राहिला? ऐकाले कान लागते का हात? बसा खड्ड्यात अन् चालू करा. मग सांगतो मी काय झालं ते."

त्या फोन कानाला लावून तशाच उन्हात उभ्या राहिल्या. पलीकडून एक खटका ऐकू आला, मग दुसरा, मग सगळेच. तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं.